दुपारी तीनचे आकडे

तोंडवली, ता. मालवण
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

अँजेला,

तुझा फोन माझ्या नंबरावरून लागत नाही. तो कधीच का लागत नाही ते कळायला मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला फार डोकं लागत नाही. म्हणून पत्र. मडगावला पोचेपर्यंत चार दिवस जातील. पाकिटावरचं अक्षर बघून फाडलं नसशील तर पुढे वाच.

सोबत एक फॉर्म आहे. सावंतवाडीच्या अलीकडे सिस्टरांचा आश्रम आहे, तिथे १ डिसेंबरपासून पपांसाठी खाट मिळतेय. सगळ्या मुलांच्या सह्या लागतात, म्हणजे तुझी आणि माझी. आठव्या ओळीत छापलंय, ‘रुग्ण कोणालाही ओळखत नाही व त्यास काही समजत नाही.’ पुढच्या चौकोनात मी बरोबरची खूण केली आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरात इस्पितळातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, तू दारात उभी होतीस. तुला वेगळं काही वाटत असेल तर इथे येऊन आठवडाभर त्यांची कूस बदल आणि मग बोल. उंटावरून शेळ्या हाकायला सोप्या असतात.

पपांना झटका येऊन चौदा महिने झाले. सकाळी आणि दुपारी सुभद्रा येते, आंघोळ आणि जेवण बघते. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र माझी. बाजारातलं दुकान बंद करून मी व्हरांड्यात टेबल टाकलंय, लोक टीव्ही आणि मिक्सर इथेच आणून देतात. पपा आतल्या खोलीत, छताकडे बघत. उजवी बाजू गेलेली, डावा हात अधूनमधून चादरीखाली हलतो. डॉक्टर म्हणाले, ते नुसतं स्नायूंचं हलणं.

सही कर आणि पाठव. आणखी काही लिहायची गरज नाही.

क्लेटन

ता. क. पपांच्या खोलीतला टीव्ही हल्ली आपोआप लागतो. दुपारी तीनच्या सुमाराला. निळा पडदा, कोपऱ्यात ४७ आकडा, आवाज नाही. त्या नंबरावर कुठलं चॅनलच नाही. रिमोट खिडकीत असतो, त्याला कोणी हात लावत नाही. सुभद्रा म्हणते, “देवचाराक इडी-काडी ठेवा. दोपारच्या टायमाक तो फिरता.” टीव्ही मेकॅनिकच्या घरातला टीव्ही भूत लावतं, असं गावात पसरलं तर माझं गिऱ्हाईक संपलं. कारण शोधून काढतोच.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

अँजेला,

फॉर्म मिळाला. सही आहे. पाकीट उलटंपालटं करून बघितलं, दुसरा कागद नव्हता. बरं झालं, असं मी स्वतःला म्हटलं.

हे पत्र लिहायचं कारण नाही खरं तर. पण घरात बोलायला कोणी नाही, आणि लहानपणी रेडिओ उघडून बसलो की तूच शेजारी बसून स्क्रू सांभाळायचीस.

आधी मी रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून शर्टाच्या खिशात ठेवल्या. तीन वाजता टीव्ही लागला. ४७. मग वाटलं, शेजारी बाळा राहतो त्याचा रिमोट असेल. त्याच्याकडे त्याच कंपनीचा बॉक्स आहे आणि त्याची खिडकी आपल्या खिडकीसमोर. मी खिडकी लावली, वर गोणपाट ठोकलं. ४७. मग चिडून टीव्ही आणि बॉक्स दोन्हीचे प्लग काढले आणि म्हटलं, आता लाव.

पण प्लग काढल्यावर कळणार कसं? म्हणून एक छोटं सर्किट बनवलं. रिमोटचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, तो ओळखणारा तीन पायांचा काळा डोळा असतो, प्रत्येक टीव्हीत असतो. भंगारातल्या एका टीव्हीतून तो उपटला. एक पाय पाच व्होल्टला, एक ग्राउंडला, तिसरा एका स्वस्तातल्या बोर्डाला. पुढे बोटभर पडदा जोडला. कोणी कुठलं बटण दाबलं, किती वाजता दाबलं, ते त्यावर उमटतं आणि आत साठून राहतं. पहिल्या दिवशी ट्यूबलाइटमुळे कचरा आकडे यायला लागले, तेव्हा डोळ्याला काळ्या कागदाची नळी घातली आणि तिचं तोंड खोलीकडे केलं. सर्किट पपांच्या पायथ्याशी स्टुलावर ठेवलं आणि मी बाहेर कामाला बसलो.

संध्याकाळी बघितलं. टीव्ही बंद, बॉक्स बंद, प्लग जमिनीवर. तरी पडद्यावर ओळी होत्या.

३.०४ ला ४, ७. ३.०५ ला परत ४, ७. ३.०९ ला ४, ७. असं सात वेळा. मग तीन मिनिटं काही नाही. शेवटी १, १, २. त्यानंतर दिवसभर काही नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त ४७ नऊ वेळा. शेवट मात्र ११२ नेच. सर्किटातली चूक अशी नसते. चूक कुठेही सुरू होते आणि कुठेही थांबते. इथे कोणीतरी ठरवून थांबत होतं.

खरं सांगतो, माझ्या तोंडचं पाणी पळालं. भरदुपारी, बाहेर बाळा नारळ सोलतोय त्याचा आवाज येतोय, आणि मला त्या खोलीत जाववेना. मी दारातूनच बघितलं. पपा छताकडे बघत होते. माशी गालावर बसली तरी पापणी हलली नाही. स्टुलावर माझा पडदा उजळला. ४. मग ७.

मी दार ओढून घेतलं.

क्लेटन


बुधवार, २० नोव्हेंबर

अँजेला,

एस्पेरांसा आंटी गेली. सोमवारी चॅपेलमध्ये तिच्या अंत्यविधीची मिसा होती. तुला कळलं असेलच. तू लहान असताना तुझ्या केसांना तेल लावून द्यायची, म्हणून हे पत्र तिच्यापासून सुरू केलं.

मी मागच्या बाकावर होतो. समोर भिंतीवर पपांनी केलेली ती लाकडी पाटी अजून आहे, कुठलं गाणं म्हणायचं त्याचा नंबर तिच्यात सरकवायचा. पाट्यांवरचे आकडेही पपांच्याच हातचे. मिसा संपत आली, शव उचलायची वेळ झाली, तसा चॅपेलची देखभाल करणारा सॅक्रिस्तान उठला आणि त्याने नंबर बदलला.

११२.

अँजेला, सगळे उठले तरी मी बाकावरच बसून राहिलो, तेव्हा शेजारच्या माणसाने पाणी विचारलं. दहा दिवस मी तो आकडा बघतोय. त्याचा कोड काय, चॅनल कुठलं, कंपनी कुठली, सगळं शोधलं. चॅपेलची गाणी बसवतात म्हणून चाळीस वर्षं ज्यांना अख्खा वाडा मेस्त म्हणत आला, ज्यांनी चॅपेलच्या वहीतल्या एकेका गाण्याला स्वतः नंबर घातला, ज्यांच्या घरात आपण ‘ते मारियाचं गाणं’ न म्हणता ‘एकोणतीस’ म्हणायचो, त्यांच्या खोलीतून आलेला आकडा मला गाण्याचा वाटला नाही. मला तो टीव्हीचाच वाटला. धंद्याने माणूस आंधळा होतो तो असा.

घरी येऊन वही काढली. ४७ उघडायची गरज नव्हती. ते गाणं तुझ्या एकटीच्या आवाजाचं. तू कोर्टात जाऊन निलेशशी लग्न केलंस त्यानंतर सहा वर्षं पपांनी तो नंबर पाटीवर लावू दिला नाही. फादरनी नाताळात एकदा सांगितलं, तर पपा म्हणाले होते, “तां गाणां गावपाक आता कोण नाय.” मी तिथे होतो.

काल तीन वाजता मी धीर करून खोलीत बसलो. मोबाइलचा कॅमेरा चालू केला. आम्ही मेकॅनिक रिमोट असाच तपासतो, डोळ्याला न दिसणारा दिवा कॅमेऱ्यात जांभळा दिसतो. मी कॅमेरा खिडकीवर फिरवला, कपाटावर फिरवला. मग खाटेवर.

चादरीखाली पपांच्या डाव्या हाताशी जांभळा ठिपका लुकलुकत होता. डोळ्यांनी बघितलं तर नुसती पांढरी चादर. कॅमेऱ्यात बघितलं तर ठिपका. चार, सात. चेहरा तसाच, छताकडे, ओठ अर्धवट उघडे. 

चादर बाजूला केली. हातात आपला जुना रिमोट, जो पपा पडले त्या दिवसाच्या गडबडीत हरवला म्हणून मी नवा आणला होता.

सुभद्राला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, “दसऱ्याक गादी बदललास ना, तेवा खाटीच्या फटीत गावलो. म्हाताऱ्याच्या हातात दिलंय तर सोडीना. पोराक खुळखुळो दितत तसो मी रोज जेवण झाला की देतंय, जाताना उशीच्या अभ्र्यात घालून ठेवतंय.”

“माका सांगूक नाय ता?”

“तुमी कधी इचारलास?” ती म्हणाली. “तुमी टीव्हीचा इचारलास. टीव्ही मी लावूक नाय.”

आता पुढचं. मी खाटेपाशी वाकलो आणि म्हटलं, “पपा, तुका आयकाक येता? येता जाल्यार एक दाब.”

स्टुलावरचा पडदा उजळला. १.

मी म्हटलं, “माका वळाखतंस?” १.

त्यांची नजर हलली नाही. बोलणारा एक आणि उत्तर देणारा दुसराच, असं वाटत होतं. मी खोलीबाहेर आलो, विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि मग मला आठवायला लागलं की चौदा महिने मी त्या खोलीत काय काय बोललोय. फोनवर बोललोय, सुभद्रासमोर बोललोय, रात्री एकटा असताना त्यांची कूस बदलताना बोललोय. ‘एकदाचं संपव रे देवा’ हे तर रोजचं. भिंतीला कान असतात म्हणतात. मी कान असलेल्या माणसालाच भिंत धरून चाललो होतो.

तो फॉर्म मी अजून पाठवलेला नाही.

क्लेटन


रविवार, २४ नोव्हेंबर

अँजेला,

तुझं पत्र मिळालं, माझ्या बारा तारखेच्या पत्राचं उत्तर; ४७ तू माझ्याआधीच ओळखलंस. दोनच ओळी. ‘पपांना मी नको आहे हे तूच मला सांगितलंस. आता ४७ चं काय ऐकवतोस?’

बरोबर आहे. तर ऐक.

इस्पितळाच्या दारात मी तुला म्हटलं होतं, तू आत आलीस तेव्हा पपांनी तोंड फिरवलं, डॉक्टरांनी तुला पाठवू नका म्हणून सांगितलंय. पपांनी तोंड फिरवलं नव्हतं. त्यांना ते फिरवताच येत नव्हतं. डॉक्टर असं काही बोलले नव्हते. ते मी तिथे उभ्या उभ्या रचलं, आणि तुझ्या आणि पपांच्या सहा वर्षांच्या अबोल्यामुळे ते तुला लगेच खरं वाटलं.

मी हे का केलं, ते या पत्रात लिहायचं नव्हतं. लिहून बघतो.

मला वाटलं होतं, ११२ म्हणजे पपा मरण मागतायत. शुक्रवारी विचारलं. “पपा, तुका मराचा आसा?” त्यांनी २ दाबला. आता आमचं ठरलंय, १ म्हणजे व्हय, २ म्हणजे नाय. मग मी विचारलं, “४७ आणि मगे ११२, हो तुज्या मिसेचो क्रम काय?” १. मेस्तच ते. खाटेवर पडल्या पडल्या स्वतःच्या मिसेची गाणी लावतायत. “४७ अँजेलान म्हणुचा?” १. परत १. परत १. बोट थांबेना. पडद्यावर एकांची रांग लागली आणि वरचा चेहरा मेलेल्या माणसाचा, अँजेला. मी असं काही आयुष्यात बघितलेलं नाही. मला त्या माणसाची भीती वाटते, ज्याने मला सायकल शिकवली.

शनिवारी मी आणखी एक विचारलं. तो प्रश्न गेला वर्षभर माझ्या घशात होता. आता ऐकणारा आहे हे कळल्यावर तो गिळून बसता येईना.

मी म्हटलं, “पपा, त्या दिसाचा अँजेलाक सांगू?”

 सर्किटाची वायर सुटली असं वाटून मी हात पुढे केला, तेवढ्यात उमटलं. २.

मला वाटलं बोट घसरलं. परत विचारलं. २.

तिसऱ्यांदा मी मोठ्याने विचारलं, भांडल्यासारखं. २. आणि मग हात उघडा पडला, रिमोट गादीवर घरंगळला. त्या दिवशी परत त्यांनी तो धरला नाही.

अँजेला, पपांनी नको म्हटलंय. तरी सांगतो.

मी तुला आणि डॉक्टरांना सांगितलं की मी दुकानात होतो आणि चार वाजता घरी आल्यावर पपा पडलेले दिसले. दुकानाला त्या दिवशी कुलूप होतं. मी घरीच होतो. सकाळी पपांनी बंद पडलेला त्यांचा फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “अँजेलाचो नंबर काडून दी. चॅपेलच्या फेस्ताक ये म्हणून सांगतंय. पाटयेर सत्तेचाळीस लावतंय.” सहा वर्षं त्यांच्या औषधापासून लुंगीपर्यंत मी बघत होतो, चॅपेलला सायकलवर मी नेत होतो, आणि पाटीवर नंबर लागणार होता तुझा. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, फोन दुरुस्त होण्यासारखा नाही. पाच मिनिटांचं काम होतं. पपांना ते कळलं. आम्ही भांडलो. मी व्हरांड्यात जाऊन काम काढलं आणि रेडिओ मोठा केला.

अडीचच्या सुमाराला आत धप्प झालं. मग टकटक सुरू झाली. काहीतरी जमिनीवर आपटल्याची. थांबायची, परत व्हायची. मला वाटलं, रागाने काठी आपटतायत. मी मनात म्हटलं, आपट. हातात सोल्डरिंग आयर्न होतं. एका बोर्डाचे सगळे जोड मी नीट, एकेक करून पुरे केले. चार वाजता टकटक बंद झाली म्हणून आत गेलो.

काठी नव्हती. ते रिमोट आपटत होते.

डॉक्टर म्हणाले होते, तासाभरात आणलं असतं तर बोलता आलं असतं कदाचित. मी मान हलवली. तू शेजारीच होतीस आणि रडत होतीस. त्या वेळी तू एकदा जरी विचारलं असतंस, ‘क्लेटन, तू कुठे होतास,’ तर मी सांगितलं असतं. तू विचारलंस ते डॉक्टरांना. आणि मी पुढे होऊन दुकानाचं सांगितलं. पपा बरे होऊन बोलायला लागले तर हे तुला कळेल, म्हणून मी तुला त्यांच्याजवळ येऊ दिलं नाही. एवढंच कारण. बाकी मी जे काही म्हणालो ते त्यावरचं झाकण.

आता तू निलेशला घेऊन ये. शनिवारच्या आत. मडगावहून सकाळच्या गाडीने निघालीस तर तीनच्या आधी पोचशील. सुभद्राला सांगून ठेवलंय, ती तुला रिमोट त्यांच्या हातात कसा द्यायचा ते दाखवेल. अंगठा सैल ठेवावा लागतो. पडदा खाटेच्या डोक्याशी सरकवलाय, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे आणि आकड्याकडे एकदमच बघता येईल. पहिल्यांदा अंगावर काटा येईल. मग सवय होते, असं मी म्हणणार होतो, पण मला झालेली नाही.

४७ म्हण. आवाज बसला असेल तरी म्हण.

आणि त्यांना एक विचारायचं राहिलंय. मी सगळं विचारलं, हे विचारलं नाही. रोज तीन वाजता जाऊन बसतो, तोंड उघडतो, आणि ‘पाणी व्हया?’ असं काहीतरी विचारून उठतो. तू विचार. “पपा, तुका क्लेटनाकडे ऱ्हवाचा आसा, काय नाय?” फॉर्मवर दोघांच्या सह्या आहेत आणि तो टेबलावर आहे. आठव्या ओळीवरची खूण मी खोडलीय, खाली माझं नाव लिहून. त्यांनी दोन दाबला तर मडगावला ने, नाहीतर सिस्टरांकडे ने, मी गाडीत बसवायला हात लावीन आणि एक शब्द बोलणार नाही.

तू विचारशील तेव्हा मी खोलीत नसेन. व्हरांड्यात असेन, रेडिओ बंद करून. उत्तर काय आलं ते बाहेर येऊन सांग.

क्लेटन